इंजिनाचं पान

आमच्या दांडिया बाजारातल्या जुन्या घरात पुढच्या खोलीत काचेच्या दारांचं एक कपाट आहे. वरच्या खणात गणपती, मधल्या खणात आईचे चिनी मातीचे कप आणि खालच्या खणात लाल पाठीची, सोनेरी अक्षरांची बारा जाड पुस्तकं. मुलांसाठीचा सचित्र ज्ञानकोश, इंग्रजीतला. १९९० च्या आसपास एक विक्रेता दारोदार फिरून असे संच हप्त्यांवर देत असे. बाबा प्रतापनगरच्या नॅरोगेज वर्कशॉपात फिटर होते. त्यांनी ओव्हरटाइमच्या पैशातून तो संच घेतला आणि दीड वर्ष हप्ते भरले. आपल्याला इंग्रजी आलं नाही, पोराला यावं, एवढाच हिशेब.

मी तेव्हा मराठी शाळेत चौथीत होतो. शाळेत 'वाहतुकीची साधने' असा तक्ता करायचा होता. मी तिसऱ्या खंडातलं विमानाचं चित्र ब्लेडने कापलं, डिंकाने तक्त्यावर चिकटवलं आणि बाईंकडून शाबासकी मिळवली. संध्याकाळी बाबांना कळलं. त्यांनी हात उगारला नाही, ओरडलेही नाहीत. फक्त दुसऱ्या दिवशी कपाटाला कुलूप आलं. पुस्तक हवं असेल तर आईकडून किल्ली मागायची, हात धुवायचे, टेबलावर बसून वाचायचं आणि परत ठेवायचं. मी पुढे कधी मागितलंच नाही. बाबा शेवटचे हप्ते भरत होते तेव्हा ती पुस्तकं घरात कोणीही उघडत नव्हतं.

हे मी इतकी वर्षं बाबांच्या नावावर लिहून ठेवलं होतं. मग मला मुलगी झाली आणि मीही तेच केलं, फक्त कुलूप न लावता.

ती चार वर्षांची असल्यापासून मी तिच्यासाठी चकचकीत पुस्तकं आणत गेलो. अमुक हजार आश्चर्ये, तमुक शंभर विक्रम. पानोपानी चौकोन, चौकोनात फोटो, फोटोखाली दोन ओळी. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. शुक्रावरचा दिवस तिथल्या वर्षापेक्षा मोठा असतो. पाहुणे आले की मी म्हणायचो, "सांग बरं काकांना, शुक्राचं ते." ती सांगायची, काका कौतुक करायचे, मी खूश. ती आठेक वर्षांची झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की पोरगी सांगते पुष्कळ, विचारत काहीच नाही. शुक्रावर असं का होतं, हे तिला विचारावंसं वाटलं नव्हतं आणि मलाही ठाऊक नव्हतं. न पडलेल्या प्रश्नांची उत्तरं मी तिला विकत आणून देत होतो.

आमच्या घरातली भाषांची खिचडी तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी असेल. माझी बायको गुजराती, लेकीची शाळा इंग्रजी, गल्लीत गुजराती आणि हिंदी. मराठी उरली ती बाबांशी बोलायची. आई गेल्यापासून बाबांचं बोलणंही आटत चाललं होतं. नातीशी त्यांची ठरलेली तीन वाक्यं: जेवलीस का, अभ्यास झाला का, टीव्ही हळू कर. तिची उत्तरं त्याहून लहान. एका छताखाली दोघं राहत होती, भांडण कधी नव्हतं, पण बोलायला विषयही नव्हता. तिला जे ठाऊक होतं त्याला तिच्याकडे मराठी शब्द नव्हते, आणि बाबांना जे ठाऊक होतं ते कोणी विचारत नव्हतं.

यात पहिली फट पडली ती देवमाशामुळे. एका रविवारी आम्ही तिघं कमाटीबागेत गेलो होतो. बडोदेकरांना सांगायला नको, तिथल्या म्युझियममध्ये निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे, ७० फुटांहून लांब. १९४४ साली तो महीच्या मुखाशी किनाऱ्याला लागला होता. बाबा नातीला म्हणाले, "हा बघ देवमासा." ती म्हणाली, "आबा, पण ते मासा नाहीच आहे." बाबा म्हणाले, "नावातच मासा आहे की." लेक गप्प बसली, पण घरी येताच तिने एक पुस्तक काढून त्यांच्यासमोर ठेवलं. एका पानावर चार हात काढलेले होते: माणसाचा हात, वटवाघळाचा पंख, कुत्र्याचा पाय आणि देवमाशाचा वल्ह्यासारखा पर. चारही हातांत एकाच जागेच्या हाडाला एकच रंग. बोटांची हाडं पिवळी. देवमाशाच्या परातही पिवळी बोटं होती, आतल्या आत मिटलेली.

बाबांनी चष्मा लावला आणि ते पान खूप वेळ पाहिलं. त्यांना इंग्रजी अक्षर लावता येतं, वाक्य जमत नाही. पण त्या पानाला वाक्यांची गरजच नव्हती. शेवटी स्वतःचा हात चित्राशेजारी ठेवून म्हणाले, "मासा नव्हे तर. नाव ठेवणाऱ्याने आत उघडून पाहिलं नव्हतं." फिटरचं हे वाक्य मला फार आवडलं.

त्यानंतर मी पुस्तकं वेगळ्या नजरेने घेऊ लागलो. जुन्या पुस्तकांच्या दुकानात मला एक मोठ्या आकाराचं इंग्रजी पुस्तक मिळालं. किल्ला, बोट, कोळशाची खाण, वाफेचं इंजिन अशा गोष्टी मधोमध कापून आत काय आहे ते दाखवणारं. या जातीच्या पुस्तकांत स्टीफन बीस्टी या चित्रकाराचं १९९२ सालचं 'इन्क्रेडिबल क्रॉस-सेक्शन्स' सगळ्यात नावाजलेलं. डेव्हिड मॅकॉले यांचं १९८८ सालचं 'द वे थिंग्ज वर्क' हेही त्याच घराण्यातलं. कुलपापासून पुढे सगळी यंत्रं कशी चालतात ते त्यात हाताने काढून दाखवलं आहे, आणि मधूनमधून एक केसाळ मॅमथ लुडबुड करत असतो. फोटो आणि असं चित्र यात मोठा फरक आहे. फोटोत इंजिनाचा पत्रा दिसतो. चित्रकाराला मात्र पत्र्याआड काय आहे ते आधी समजून घ्यावं लागतं, नाहीतर नळी कुठून निघून कुठे जाते ते काढताच येत नाही.

इंजिनाच्या पानावर लेक अडली. बॉयलरच्या पोटात नळ्यांची जुडी होती. ती मला म्हणाली, या नळ्यांतून पाणी जातं. मीही मान हलवली. बाबा खिडकीशी बसून पेपर वाचत होते. पेपर खाली न ठेवताच म्हणाले, "उलटं."

आम्ही दोघांनी वळून पाहिलं.

"नळीतून धूर जातो. पाणी बाहेर."

लेकीला पटेना. नळीत पाणीच असतं, घरातल्या सगळ्या नळ्यांत पाणीच आहे. बाबा उठले. मला माळ्यावर चढवलं आणि आईचा तांब्याचा बंब खाली काढायला लावला. त्यावर पंधरा वर्षांची धूळ होती. फडक्याने पुसून त्यांनी तो जमिनीवर ठेवला आणि लेकीला वरून आत बघायला सांगितलं. मधोमध नळी, तिच्यात विस्तव, भोवती पाणी. "हा आडवा पाड. मधल्या एका नळीच्या जागी शंभराच्या वर नळ्या घाल. झालं इंजिन." एका जाड नळीपेक्षा पुष्कळ बारीक नळ्या का, हेही त्यांनी तिच्याकडूनच काढून घेतलं. गरम पत्र्याला पाणी जितक्या जास्त जागी लागेल तितकी वाफ लवकर. माझ्या आठवणीत बाबा एका बैठकीत इतकं बोलल्याचा तो पहिलाच दिवस.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर लेक माझ्याकडे न येता सरळ त्यांच्याकडे गेली. "आबा, छुक-छुक आवाज कुठून येतो?" आता हे मी चाळीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं. पिस्टन ढकलून झालेली वाफ धुराड्यातून बाहेर फेकली जाते, तो आवाज. ती वाफ जाताना भट्टीतला धूरही ओढून नेते, म्हणून आग फुलते. इंजिन जितकं जोरात पळेल तितका स्वतःचा भाता स्वतःच जोरात ओढतं. दोन सिलिंडर, प्रत्येकात वाफ दोन्ही बाजूंनी लागते, म्हणून चाकाच्या एका फेरीत चार छुक. बाबांनी टेबलावर बोटांनी वाजवून दाखवलं.

मग वही सुरू झाली. झालं असं, की लेकीला शाळेत आबांच्या इंजिनाबद्दल सांगायचं होतं आणि आबांचे शब्द तिला आठवत नव्हते. बाबांनी ट्रेसिंग पेपर मागवला, इंजिनाच्या चित्रावर ठेवला आणि प्रत्येक भागाला नंबर दिला. वहीत नंबरासमोर तीन रकाने: पुस्तकातला इंग्रजी शब्द, वर्कशॉपातला शब्द आणि मराठी. आई गुजराती असल्यामुळे चौथा रकाना लेकीने आपण होऊन आखला. भट्टी, धुराडं, झडप, दट्ट्या, कानस, पाना. काही शब्द बाबांचे, काही मी शब्दकोशातून शोधलेले. बॉयलरला कोशात 'बाष्पित्र' मिळालं, ते मी मोठ्या उत्साहाने वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, "बाष्पित्र? हे कुणाचं गोत्र?" त्या रकान्यात शेवटी 'बॉयलर'च लिहिलं. बंबाच्या बाजूने लेकीने एक मत दिलं होतं, ते कंसात ठेवलं आहे.

एकतीस नंबरची जागा अजून रिकामी आहे. चाकाजवळचा एक छोटा भाग. बाबा म्हणतात, त्याला आम्ही नाव घेऊन कधी बोलवलं नाही. हात पुढे करून 'ते दे' म्हणायचं, हेल्पर तेच द्यायचा.

ही चार रकान्यांची वही आम्हीच शोधून काढली, असं मला वाटत होतं. पुढे वाचताना कळलं, की मुलांसाठीचं जगातलं पहिलं गाजलेलं सचित्र ज्ञानाचं पुस्तक असंच होतं. मोराविया प्रांतातल्या कोमेनिअस नावाच्या शिक्षकाने १६५८ साली न्यूरेंबर्गमध्ये 'ऑर्बिस पिक्टस' काढलं. त्यात दीडशे चित्रं होती. चित्रातल्या वस्तूंना नंबर आणि त्याच नंबरांनी शेजारी दोन भाषांत मजकूर, लॅटिन आणि जर्मन. अक्षरओळखही प्राण्यांच्या आवाजावरून, सुरुवातीलाच कावळा. म्हणजे ज्या मुलाची घरची भाषा एक आणि शाळेची दुसरी, त्याच्यासाठीच हे पुस्तक बनलं होतं. आमच्यासारख्यांसाठीच म्हणा ना.

आणि लांब कशाला जायचं? आपल्या बडोद्यातही हा विचार शंभर वर्षांपूर्वी होऊन गेला आहे. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून गावोगाव वाचनालयांचं जाळं विणलं. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत पायाखाली काचेची जमीन आहे, म्हणजे वरचा उजेड खालच्या मजल्यावरच्या पुस्तकांपर्यंत पोचावा. लहानपणी मला त्या काचेवर पाय टाकायची भीती वाटायची. १९१२ साली महाराजांनी देशी भाषांत चांगली पुस्तकं निघावीत म्हणून दोन लाख रुपये बाजूला काढले. त्यांच्या व्याजातून मोठ्यांसाठी 'श्री सयाजी साहित्यमाला' निघाली आणि मुलांसाठी 'श्री सयाजी बालज्ञानमाला'. बालज्ञानमाला! मुलाला ज्ञान त्याच्या भाषेत, छोट्या पुस्तकांतून मिळावं यासाठी एका राजाने पैसा बांधून ठेवला होता. त्याच गावात माझ्या बापाने हप्त्यांवर इंग्रजी संच घेतला, कारण विक्रेत्याच्या पिशवीत दुसरं काही नव्हतं.

आज तितकी वाईट स्थिती नाही. नेहरू बाल पुस्तकालय मालेतली नॅशनल बुक ट्रस्टची पुस्तकं मराठीत आहेत आणि स्वस्त आहेत. अरविंद गुप्तांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून विज्ञान शिकवलं. त्यांच्या संकेतस्थळावर मराठी पुस्तकंही फुकट मिळतात. बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासूनचं आहे, त्याचे जुने अंक घरबसल्या वाचता येतात. जयंत नारळीकरांचं 'आकाशाशी जडले नाते' जरा मोठ्या मुलांच्या हाती द्यावं. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या मंडळींना भोपाळच्या एकलव्य संस्थेचं हिंदी 'चकमक' सांगायला नकोच. पण खरं सांगायचं तर बीस्टीसारखं, मॅकॉलेसारखं अस्सल मराठी चित्रपुस्तक मला अजून सापडलं नाही. चित्र काढायला दोन-दोन वर्षं देणारा चित्रकार आणि तोवर थांबणारा प्रकाशक दोन्ही लागतात. तोवर इंग्रजी चित्र आणि आपली वही, असं आमचं चाललंय.

पुस्तक निवडताना आता मी दुकानात उभ्याउभ्या एकच गोष्ट करून पाहतो. मधलं कुठलंही पान उघडायचं, मजकूर हाताने झाकायचा आणि नुसतं चित्र बघायचं. चित्रावरून 'हे इथे का?' असा एक तरी प्रश्न पडला तर पुस्तक घ्यायचं. नुसतं 'वा, छान' वाटलं तर परत ठेवायचं. आणि चित्रात माप कळायला एखादा माणूस, हात किंवा नाणं काढलेलं आहे का, तेही पाहायचं. माप नसलं की मुलांच्या डोक्यात मुंगी आणि देवमासा एकाच आकाराचे राहतात. सूची असेल तर उत्तम, पण ती माझी आवड, लेकीला तिचं काही नाही.

गेल्या महिन्यात पुस्तकाने बाबांनाच अडवलं. लेकीने कुठूनतरी वाचलं, की इंग्लंडच्या 'फ्लाइंग स्कॉट्समन' या १९२३ च्या इंजिनाला तीन सिलिंडर आहेत. "मग आबा, त्याचे छुक किती?" बाबांनी चार म्हणायला तोंड उघडलं आणि थांबले. बोटं टेबलावर वाजवू लागले. नॅरोगेजवर तीन सिलिंडरचं इंजिन त्यांच्या हाताखालून कधी गेलं नव्हतं. रात्री जेवणात सुद्धा त्यांचं लक्ष नव्हतं. भात कालवता कालवता एकदम म्हणाले, "सहा." लेकीने लगेच वही आणली. ते सहा बरोबर आहेत.

याचा बदला म्हणून असेल, त्यांनी तिला सांगितलं, की डभोईपासून मियागामपर्यंतची आपली नॅरोगेज गाडी १८६२ साली सुरू झाली तेव्हा इंजिन ओढत नव्हतं, बैल ओढत होते. ती म्हणाली, "खोटं." पुस्तकात तसं काही नव्हतं. पण ते खरं आहे, रुळांवर बैल. आता तिला बैलगाडीच्या रुळांचं चित्र हवंय, आणि ते मला कुठे मिळत नाही.

आणि आता जे सांगायचं म्हणून मी हे लिहायला बसलो ते. त्या इंजिनाच्या पानावर बाबांना एक गोष्ट सारखी खटकत होती. भट्टीच्या छताला शिसं भरलेला एक प्लग असतो. बॉयलरमधलं पाणी धोक्याच्या खाली गेलं की ते शिसं वितळतं, वाफ भट्टीत घुसते आणि फायरमनला कळतं. कितीतरी जीव त्या चिमूटभर शिशाने वाचवलेत, असं बाबा म्हणतात. चित्रात तो प्लग नव्हता. एके दिवशी मी ऑफिसातून आलो तर बाबा टेबलाशी वाकून बसले होते, चष्मा नाकाच्या टोकावर, आणि बारीक टोक केलेल्या पेन्सिलीने पुस्तकातच, छापील चित्रावर, तो प्लग काढत होते. ट्रेसिंग पेपर बाजूला पडला होता. लेक श्वास रोखून बघत होती.

मी काही बोललो नाही. आत जाऊन काचेच्या कपाटाची किल्ली शोधली. आईच्या डब्यात ती होती, बटणांबरोबर. कुलूप गंजलं होतं, गोडं तेल सोडावं लागलं. बाराही खंड बाहेर काढून टेबलावर ठेवले. पुस्तकं तशी जुनीच, त्यात रशिया अजून एकसंध आहे. तरी लेकीने झडप घातली.

तिसऱ्या खंडात तिला ते पान सापडलं. पानात चौकोनी खिडकी, पलीकडचं पान आरपार दिसतंय. "पप्पा, हे कोणी कापलं?"

मी बाबांकडे पाहिलं. ते पेन्सिलीला टोक काढत होते.

"तिथे विमान होतं," ते म्हणाले. "चार इंजिनांचं." मग उठून कॅलेंडरचं जुनं पान शोधून आणलं, त्याचा कोरा तुकडा मापाने कापला, खिडकीच्या मागून डिंकाने चिकटवला आणि वर वजन म्हणून बारावा खंड ठेवला. वाळेपर्यंत तिघंही बसून होतो. वाळल्यावर त्यांनी पुस्तक लेकीकडे सरकवलं आणि पेन्सिल दिली.

"आधी सांग, विमानाच्या पंखात काय भरलेलं असतं?"

"हवा?"

"इंधन. आता ते दिसेल असं काढ."

तिने पंख मधोमध कापलेला काढायला घेतला.